इस्त्रीच्या टेबलावरचा निकाल

या प्रकरणी एका कुटुंबाने आपल्याच मुलीला आपल्याच हातांनी न्यायासनावर कसे बसविले, आणि तिने दिलेला एक निकाल त्या घराला कसा बाधला, तो वृत्तांत यथामती सांगावयाचा आहे. वाचकांनी तो मन घट्ट करून वाचावा. यात हसण्याच्या जागा आहेत, परंतु त्या सर्व आरंभीच संपतात, हे आधीच सांगून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

छोटीच्या परीक्षेस आता एकच रविवार शिल्लक होता. तिला घरात छोटी म्हणत असले तरी वयाने ती चांगली तिशी ओलांडलेली होती, आणि न्यायाधीशपदाच्या परीक्षेची वयोमर्यादा या खेपेनंतर तिच्यापुरती संपणार होती. आधीच्या खेपांना ती एकाच पेपरात बुडाली होती. त्या पेपरात एका भांडणाची हकिकत छापलेली असते आणि उमेदवाराने त्यावर निकालपत्र लिहावयाचे असते. छोटी कायदा पाठ म्हणून दाखवी, परंतु निकाल लिहावयास बसली की तिला दोन्ही पक्षांची कणव येई. शिकवणीच्या सरांनी तिची उत्तरपत्रिका परत करताना म्हटले होते, "बाई, तुमच्या निकालात कोणी हरतच नाही. असं न्यायालय मला दाखवा, मीच तिथे राहायला जातो."

त्या दिवशी घरी येऊन ती रडली, आणि तिच्या थोरल्या काकांनी त्यावर तोड काढली. हे कुटुंब म्हणजे न्यायालयाच्या रस्त्यावरील लाँड्रीवाले. खाली दुकान, वर बिऱ्हाड. वकिलांचे काळे कोट याच दुकानातून कडक होऊन बाहेर पडत. थोरले म्हणाले, "भांडणांना आपल्याकडे काय तोटा आहे? रविवारी इस्त्रीचं टेबल रिकामं असतं. तू पलीकडे बस, आम्ही अलीकडे भांडतो. पण एक अट. निकाल लागला की तो पाळायचा. नाहीतर ती नाटकमंडळी झाली."

अशा रीतीने रविवारचे न्यायालय सुरू झाले. थोरले स्वतःच दारात उभे राहून "वादी हाजिर हो" अशी आरोळी देत, आणि वादी तेच असले तर टेबलाला वळसा घालून स्वतःच हजर होत. काकूंनी त्यांच्या घोरण्याविरुद्ध दावा लावला, तेव्हा छोटीने उभय पक्षांचे ऐकून त्यांना आठवडाभर गच्चीत निजण्याचा हुकूम केला, आणि थोरले उशी काखोटीला मारून खरोखर गच्चीत निजले. धाकट्यांचा, म्हणजे छोटीच्या वडिलांचा, टॉवेल कोण वापरतो, तेही प्रकरण चालले. साक्ष देताना धाकटे सवयीने मुलीला "बाळ" म्हणाले. तिने टेबलावर लाकडी ब्रश आपटून बजावले, "साक्षीदारानं न्यायालयाला बाळ म्हणू नये." यावर आत्या इतकी हसली की तिला ढास लागली.

ही आत्या म्हणजे थोरल्यांची धाकटी आणि धाकट्यांची थोरली बहीण. नवऱ्याने टाकल्यावर ती माहेरी परतली ती कायमचीच. छोटीची आई वारली त्यानंतर छोटीला तिनेच वाढविले. दुकानातील काळे कोट तिच्याकडे असत. काळ्या कापडावर इस्त्री उघडी फिरवली तर चकाकी उठते आणि ती जन्मात जात नाही, म्हणून मध्ये ओले फडके ठेवावे लागते. त्या फडक्यातून उठणारी वाफ वर्षानुवर्षे छातीत घेऊन तिचा श्वास आखूड झाला होता. वरच्या मजल्यावरील रस्त्याकडची खोली हाच काय तो तिचा विसावा. तेथे वारा येई. त्याच खोलीत एका भिंतीशी आत्याची खाट आणि दुसऱ्या भिंतीशी छोटीचे टेबल, अशी दोघींची वस्ती होती.

त्या शेवटच्या रविवारी थोरल्यांनी आरोळी दिली खरी, पण तिच्यात नेहमीचा जोर नव्हता. टेबलाला वळसा घालून ते समोर आले आणि म्हणाले, "साहेब, आज प्रकरण माझं आहे. खोलीचं."

"कुठल्या खोलीचं?" छोटीने विचारले.

"वरच्या. वडिलांनी त्यांच्या कमाईचं हे घर हयातीतच आम्हा दोघा भावांच्या नावे केलं. कागद आहे. त्यात बहिणीचं नाव नाही. माझ्या मुलाचा कारखाना बंद पडला, तो बायको आणि लेकरं घेऊन परत येतोय. त्याला ती खोली हवी आहे. माझं म्हणणं संपलं."

धाकट्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "दादा, हे आजच कशाला? चार दिवसांवर तिची परीक्षा आली."

"मग कधी? आपण दोघं हा विषय काढतो, आवाज चढतो, ताटं तशीच राहतात. इथे निदान मधे टेबल आहे."

येथे वाचकांना थोरल्यांच्या मनात डोकावून दाखविणे मला आवश्यक वाटते. त्यांना हे प्रकरण हरावयाचे होते. मुलाचा निरोप आल्यापासून काकूंनी त्यांच्यामागे खोलीसाठी टुमणे लावले होते. बहिणीला उठवावयाचे त्यांच्या जिवावर आले होते, आणि बायकोला नाही म्हणण्याचीही छाती नव्हती. पोरगी आत्याच्या मांडीवर वाढलेली. ती आत्यालाच खोली देणार, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मग घरात सांगावयास तोंड होते, की मी काय करू, निकालच तसा लागला.

आणि छोटीच्या मनात काय आले? आले ते असे, की या खोलीत मीही राहते. आत्याच्या बाजूने निकाल म्हणजे माझ्याच बाजूने निकाल. तिला सरांचे वाक्य आठवले. तिने मनाशी निश्चय केला, की आज काटेकोरपणात कसूर करावयाची नाही, आणि ती म्हणाली, "ठीक आहे. प्रतिवादीचं काय म्हणणं आहे?"

आत्या स्टुलावर बसून एका कोटाला बटण लावीत होती. तिने दोरा दातांनी तोडला.

"माझं काय म्हणणं असायचं? वडील गेले त्याच्या आदल्या दिवशी म्हणाले, ती रस्त्याकडची खोली माझ्या लेकीची. ती आहे तोवर तिला तिथून कोणी उठवायचं नाही. तेवढंच आहे माझ्याजवळ."

"हे लिहून ठेवलं होतं का?"

"त्यांचा हात कुठे उचलत होता तेव्हा."

"ऐकलं कोणी?"

"मी ऐकलं," धाकटे म्हणाले. ते साक्षीदाराच्या जागी येऊन उभे राहिले. "मी दारात होतो. स्पष्ट ऐकलं."

"दार उघडं होतं?"

"होतं."

"वाफ आत येते म्हणून आजोबांच्या खोलीचं दार कायम लोटलेलं असायचं, असं तुम्हीच मला सांगितलंय."

धाकटे गोंधळले. "असायचं लोटलेलं. पण त्या दिवशी उघडं असेल. नाहीतर लोटलेल्या दारातून ऐकलं असेन. इतक्या वर्षांनी दाराचं कुठे लक्षात राहतंय? शब्द लक्षात आहेत. मी ऐकलं, बाळ."

"साक्षीदारानं न्यायालयाला बाळ म्हणू नये."

या खेपेस कोणी हसले नाही.

"त्या खोलीत आज कोण राहतं?"

"ताई. आणि तू."

"म्हणजे वादी हरला तर तुमच्या मुलीची सोय होते."

धाकट्यांनी तिच्याकडे पाहिले. जणू कोणा तिऱ्हाइताने भर रस्त्यात त्यांचा खांदा धरून थांबविले असावे, तसे ते पाहणे होते. "होते," ते म्हणाले.

"बसा. काकू, आजोबांची शुश्रूषा तुम्ही करत होतात. तुम्ही तेव्हा खोलीत होतात का?"

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या खोलीतच होत्या. सासऱ्यांना त्या चमच्याने पाणी पाजीत होत्या, आणि ते वाक्य बोलून झाल्यावर म्हाताऱ्याच्या हनुवटीवर ओघळलेले पाणी त्यांनीच आपल्या पदराने टिपले होते. त्या वाक्यातला शब्द न् शब्द त्यांना ऐकू आला होता. पण त्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे दोन नातवंडे उभी राहिली, जी परक्या गावी कोणाच्या तरी पडवीत, बांधलेल्या सामानावर बसून होती.

"मी पाणी तापवायला खाली गेले होते," काकू म्हणाल्या.

आत्याने मान वर केली, काकूंकडे पाहिले, आणि पुन्हा सुईत दोरा ओवू लागली.

छोटीने कागद ओढला. तिची लेखणी त्या दिवशी कधी नव्हे इतकी सरळ चालली. लिहून होताच ती उठली, रिवाजाप्रमाणे सारे उभे राहिले, आणि तिने वाचले. वादीचा कागद निर्विवाद आहे. प्रतिवादीचा आधार एक तोंडी वाक्य असून ते ऐकल्याचे सांगणारा साक्षीदार एकच आहे. तो हितसंबंधी असून त्याच्या कथनात विसंगती आहे, म्हणून तो विश्वासार्ह मानता येत नाही. सबब प्रतिवादीचा हक्क सिद्ध होत नाही. तिने खोली रिकामी करून द्यावी.

वाचन संपवून तिने डोळे वर केले. चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान होते. "कसा झाला?" तिने विचारले. "आता सर म्हणतील, बाईंच्या निकालात कोणीतरी हरलं एकदाचं."

धाकटे दुकानाची फळी बाजूला सारून रस्त्यावर निघून गेले. आत्याने बटण ओढून पाहिले, घट्ट बसले होते. कोट खांद्यावर टाकून ती म्हणाली, "बॉयलरशेजारची गाठोड्यांची खोली आवरावी लागेल."

"आत्या, हा सराव होता," छोटी म्हणाली.

"घोरण्याचा नव्हता का?" आत्या म्हणाली. "दादा गच्चीत निजलाच की."

वर गेल्यावर थोरल्यांनी काकूंना विचारले, "तू खरंच खाली गेली होतीस?"

"तेव्हाचं मला काय आठवतंय? म्हणजे गेलेच असेन."

"अगं, पण बॉयलर बाजूलाच आहे. तिची छाती..."

"अहो, खटला तुम्ही लावलात. मी लावला का? जिंकलात तर तोंड का पाडून बसलात? मुलाला मी निरोप दिला, ये म्हणून. आता त्याला काय सांगायचं, बाप जिंकला पण त्याला हरायचं होतं?"

थोरले चपापले. आपल्या पोटातले बायकोला इतके नेमके ठाऊक असावे, याची त्यांना कल्पना नव्हती. ते गप्प बसले आणि त्यांच्या गप्प बसण्यानेच निकालाची अंमलबजावणी झाली. पुष्कळ घरांतले मोठे निर्णय याच रीतीने होतात, असे माझे निरीक्षण आहे.

दुसऱ्या दिवशी आत्याची खाट खाली आली. एक बाजू धाकट्यांनी धरली होती आणि दुसरी थोरल्यांनी. जिन्याच्या वळणावर ती अडकली, तेव्हा दोघे भाऊ खाटेच्या दोन टोकांना काही वेळ एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

"तिरपी कर," थोरले म्हणाले.

"तुझ्याकडून कर," धाकटे म्हणाले.

एवढेच काय ते संभाषण. काकूंनी मागाहून एक जाड पांघरूण आणून दिले. "वन्सं, खाली रात्री गार होतं."

"बॉयलरशेजारी?" आत्या म्हणाली. "ठेवा. माझ्यापेक्षा नातवंडांना लागेल."

मग आत्या छोटीला म्हणाली, "तू वरच अभ्यास कर. ते यायचेत अजून. टेबल हलवू नकोस, परीक्षेच्या तोंडावर डोकं फिरेल." पण तिला हाक मारताना तिने "साहेब" म्हटले. घरात इतर सारे छोटीला थट्टेने साहेब म्हणत, आत्या मात्र आजवर एकदाही म्हणाली नव्हती. आणि आताही तिच्या स्वरात थट्टा नव्हती. एखाद्या वकिलाचा कोट हातात देताना ती ज्या आदराने बोले, त्याच आदराने ती बोलत होती. छोटी त्या खोलीत एकटी बसली. वारा येत होता. भिंतीवर खाटेच्या उशाची तेलकट खूण राहिली होती. खालून बॉयलर पेटल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने ढास.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी धाकटे नित्याप्रमाणे प्रश्नांचे पुस्तक घेऊन बसले. ते विचारीत आणि ती उत्तर देई, हा क्रम कित्येक वर्षांचा होता. रविवारपासून ते तिच्याशी कामापुरतेच बोलत होते, परंतु हा क्रम मात्र त्यांनी मोडला नाही. चष्मा नाकावर घसरलेला, बोट ओळीखाली. एक प्रश्न झाला, दुसरा झाला. मग त्यांनी पान उलटले.

"न्यायाधीशानं कोणतं प्रकरण ऐकू नये?"

"ज्या प्रकरणात न्यायाधीशाचा स्वतःचा हितसंबंध असेल," ती भराभर म्हणू लागली, "किंवा पक्षकारांशी त्याचं निकटचं नातं असेल, असं प्रकरण त्यानं ऐकू नये. मग त्याचा निकाल..."

ती थांबली.

"पुढे," धाकटे म्हणाले. त्यांनी पुस्तकावरून नजर उचलली नाही.

"बाबा."

"पुढे म्हण. मग त्याचा निकाल काय?"

"मग त्याचा निकाल स्वतःच्या बाजूचा असो वा विरुद्ध, तो न्याय ठरत नाही." इतक्या वेळा घोकलेले हे वाक्य तिने ज्या घरात घोकले, त्याच घराला ते लागू पडत असेल, हे तिच्या मनाला कधी शिवले नव्हते. न्यायालय म्हणजे रस्त्याच्या टोकाची ती दगडी इमारत, आणि हे नुसते इस्त्रीचे टेबल, अशीच तिची समजूत होती.

धाकट्यांनी तो प्रश्न मुद्दाम काढला, की तो क्रमानेच आला, हे मला ठाऊक नाही. त्यांनी पुस्तकात खूण घातली आणि ते मिटले. "उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले.

छोटी जिना उतरून खाली आली. आत्या दिव्याखाली तिचाच परीक्षेचा पांढरा पोशाख इस्त्री करीत होती. थोरले कोट मोजून दांडीला लावीत होते आणि काकू गाठोडी बांधीत होत्या. छोटी टेबलाच्या पलीकडच्या, म्हणजे न्यायाधीशाच्या बाजूला गेली नाही. ती अलीकडे उभी राहिली.

"मी रविवारचा निकाल रद्द करते. ते प्रकरण मी ऐकायलाच नको होतं. खोलीत मी राहते, साक्षीदार माझे वडील, प्रतिवादी माझी आत्या. मला ते नाही म्हणायला हवं होतं."

थोरल्यांच्या चेहऱ्यावर रविवारपासून पहिल्यांदा जीव आला. "बघ म्हणजे. चूक ती चूक. लेकरानं कबूल केली. मी पोराला सांगतो, चार दिवस शेजारी भाड्यानं बघ म्हणून. अगं, उचल तुझी खाट, मी धरतो."

"कुठल्या भाड्यानं?" काकूंचा हात गाठीवर थांबला. "निकाल आपल्या बाजूनं लागला की रद्द, असंच का? मग उद्या मी पण म्हणते, घोरण्याचा रद्द."

"तू गप्प बस गं."

"मी गप्पच आहे. किती गप्प आहे ते मला ठाऊक." असे म्हणून काकूंनी गाठ इतक्या जोराने आवळली की कापड करकरले.

आत्याने इस्त्री उभी करून ठेवली. "खाट कुठेही जाणार नाही," ती म्हणाली.

"अगं, आता ती स्वतःच म्हणते आहे ना," थोरले म्हणाले.

"म्हणू दे. दादा, घरातल्या सगळ्यांनी हिचे निकाल पाळले. तू गच्चीत निजलास, वहिनींनी रेडिओ बंद ठेवला. माझ्यावर पाळी आली आणि मी मोडला, तर आजवर सगळ्यांनी केलं ते खेळ होता असं होईल. उद्या ही खरोखरच्या खुर्चीत बसेल. तिच्या समोर उभे राहिलेले लोक खाटा उचलून परत आणू शकणार नाहीत."

"मी चुकले, आत्या," छोटी म्हणाली. "मला भीती वाटली. तुझ्या बाजूनं दिला तर सगळे म्हणतील आपल्या खोलीसाठी दिला. म्हणून मी उलट्या बाजूला गेले."

"ते मला त्याच वेळी दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"न्यायालयात उभी होते ना मी." आत्याने पोशाखाची बाही सरळ केली, तिच्यावर पाणी शिंपडले. "खोलीचं मला काही वाटत नाही. म्हातारी बाई, पडायला जागा लागते तेवढी मिळाली. तुला माझं खरं वाटलं नाही, त्याचं जरा वाटलं. नंतर म्हटलं, नसेल वाटलं. पुरावा पाहिजे, ते बरोबर आहे."

"वाटलं होतं," छोटी म्हणाली. तिचे डोळे वाहू लागले होते. "मला तेव्हाही खरंच वाटलं होतं, आत्या. बाबांचं पण. बाबा खोटं बोलत नाहीत हे मला काय माहीत नाही का? मला सगळं खरं वाटत होतं."

आत्याचा हात थांबला. तिने प्रथमच भाचीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. बॉयलरमध्ये पाणी खदखदत होते.

"आणि तरी लिहिलंस?"

छोटीने मान हलविली.

"मग हे जास्त वाईट झालं," आत्या म्हणाली. "तू मला हे सांगायला नको होतंस."

तिने इस्त्री पुन्हा उचलली. बाही झाली, मग कॉलर, मग पाठ. दाराच्या आत उभे असलेले धाकटे हे सारे ऐकत होते. या खेपेस दार उघडे होते, की लोटलेले, हे विचारावयास कोणी नव्हते.

सकाळी छोटी निघाली तेव्हा पोशाख दारामागे टांगलेला होता, एक सुरकुतीही नसलेला. काकूंनी डबा दिला. थोरल्यांनी नेहमीप्रमाणे दारात उभे राहून आरोळी देण्यासाठी तोंड उघडले आणि नुसतेच म्हणाले, "सांभाळून जा." आत्या बॉयलरपाशी होती. तिने वाफेतून हात हलविला. म्हणाली, "निघा साहेब, उशीर नको."

परीक्षेच्या दालनात पंख्याखाली जागा मिळाली. निकालपत्राच्या पेपरात दोन दुकानदारांचे भांडण होते, एका सामाईक भिंतीवरून. दोघांची नावे तिने प्रथमच वाचली आणि पुन्हा ती तिच्या वाट्याला यावयाची नव्हती. एकाचा कागद, दुसऱ्याचा साक्षीदार. तिला कोणाचीही कणव आली नाही, कोणाची भीती वाटली नाही, आणि कोणी आपल्याविषयी काय म्हणेल, असेही मनात आले नाही. परक्या माणसांचा न्याय करणे किती सोपे असते, याचे तिला नवल वाटले. मग ती साक्षीदाराच्या जबानीपाशी आली. त्याच्या सांगण्यात एक लहानशी विसंगती होती. तिने लेखणी उचलून ठेवली. पुष्कळ वेळ ती खिडकीबाहेर पाहत राहिली. नंतर तिने लिहिले, की इतक्या वर्षांनंतर दाराखिडक्यांचा तपशील विसरणारा परंतु शब्द न विसरणारा मनुष्य केवळ तेवढ्यावरून खोटा ठरत नाही. ते तिने स्वच्छ अक्षरात लिहिले आणि पुढचा मुद्दा घेतला.

घंटा झाली तेव्हा तिला कळून चुकले होते, की या खेपेस ती उत्तीर्ण होणार.

ती परतली तेव्हा वरच्या खिडकीत लहान मुलांचे कपडे वाळत होते. थोरल्यांचा मुलगा येऊन पोचला होता. तिचे टेबल खाली आणून गाठोड्यांच्या खोलीच्या दाराशी लावलेले होते, पुस्तके त्याच क्रमाने. आतून ढास ऐकू आली, लांबलेली, शेवटी शिट्टीसारखी. ती थांबेपर्यंत छोटी दाराशी उभी राहिली.

आत्या बाहेर आली. तोंडावर पदर होता. तिने खांद्यावरचा कोट टेबलावर पसरला, फडके पाण्यात बुडवून पिळले, आणि खाली मान घालूनच विचारले, "कसा गेला पेपर?"

पेपर वाईट गेला, असे खोटे बोलावेसे छोटीला वाटले. परंतु त्या टेबलापाशी तिला ते जमले नाही.

"चांगला गेला," ती म्हणाली.

"मग झालं तर," आत्या म्हणाली, आणि तिने काळ्या कोटावर ओले फडके अंथरले.

त्या घरात रविवारचे न्यायालय पुन्हा कधी भरले नाही.

हे प्रकरण येथे पुरे झाले. माझे शिक्षण शाळेच्या मधल्या वर्गात सुटले, त्यामुळे भाषेत कोठे उणे राहिले असेल ते वाचकांनी पदरात घ्यावे. माझ्या या माणसांपाशी इतका वेळ बसल्याबद्दल मी प्रत्येकाचा मनापासून ऋणी आहे.

— भिकाजी तात्याबा सोनटक्के